पिकअप मागून खाली घ्यायचीय? पाटा काढण्याआधी ब्रेक, लाईट आणि आरसी बघा!

शिरूर/दौंड : केडगावच्या बाजारात कांदा उतरवून रिकामी पिकअप न्हावऱ्याच्या दिशेने निघाली की ड्रायव्हरला आधी कंबर आठवते. भरलेली असताना शांत चालणारी हीच गाडी रिकामी झाली की प्रत्येक गतिरोधकावर उडते. हौद्यातले रिकामे क्रेट इकडून तिकडे नाचतात. मग टपरीवर ठरलेला सल्ला मिळतो : मागचा एक पाटा काढून टाक, गाडी खाली बसेल आणि मऊ चालेल.

सल्ला पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धा आहे. पाटा काढल्यावर गाडी खाली बसते हे खरं. मात्र मागची उंची बदलली की गाडीच्या ब्रेकचा हिशोब, हेडलाइटचा कोन आणि फिरणाऱ्या शाफ्टचा कोनही बदलतो, हे टपरीवर कुणी सांगत नाही. तेच आज समजून घेऊया.

थोडक्यात काय?

- नंतर वाढवलेले पाटे काढून गाडी कंपनीच्या मूळ उंचीवर आणणं हे काम नीट केलं तर सुरक्षित आहे.
- मूळ उंचीच्याही खाली नेणं धोक्याचं आहे. त्यात कायद्याची अडचणही येऊ शकते.
- दोन्ही वेळी मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह आणि हेडलाइट पुन्हा सेट करावेच लागतात.

मागून खाली घ्यायची वेळ का येते?

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पिकअपवर चालतात म्हटलं तर फार वावगं ठरणार नाही. कांदा, तरकारी, दूध, जनावरांचा चारा, रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतला सुटा माल, राहू-केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळांचा गूळ, हे सगळं याच गाड्यांतून जातं. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर बैल येतात तेही बहुतेक पिकअपमधूनच.

गाडी खाली घेण्यामागे साधारण तीन कारणं असतात.

पहिलं कारण जास्त भरलेल्या मालाचं. नवीन गाडी घेतली की अनेक जण लगेच मागे एक-दोन पाटे वाढवतात. भरल्यावर मागची बाजू बसू नये हा हेतू. त्याने गाडी मागून उंच आणि कडक होते. पुढे कामाचं स्वरूप बदलतं, कांद्याऐवजी दूध किंवा फुलं सुरू होतात आणि हेच वाढीव पाटे नकोसे वाटतात.

दुसरं कारण मऊ चालीचं. वाढीव पाटे नसतानाही रिकामी गाडी आपटते म्हणून कंपनीच्या संचातलाच एखादा पाटा काढला जातो.

तिसरं कारण चढ-उताराचं किंवा दिसण्याचं. हौदा खाली आला की कॅन चढवायला सोपं, बैल चढवायला सोपं. काहींना मागून बसलेली गाडी दिसायलाही आवडते.

या तिन्हींसाठी गॅरेजमध्ये शब्द एकच वापरला जातो, खाली घेणं. पण पहिलं काम म्हणजे गाडी मूळ जागी आणणं आणि बाकीची दोन म्हणजे मूळ जागेवरून हलवणं. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

रिकामी पिकअप मागून उंच का दिसते?

ती बिघडलेली नसते, तिची रचनाच तशी असते. मागचे पाटे भरलेल्या गाडीसाठी बनवलेले असतात. १.७ टन क्षमतेची पिकअप घ्या. ५० किलोची गोणी धरली तर ३४ गोण्या भरल्यावर ती सपाट उभी राहिली पाहिजे. म्हणजे रिकामी असताना ती मागून थोडी वर असणारच.

रिकामी गाडी सपाट दिसावी म्हणून मागून खाली घेतली, तर भरल्यावर ती शेपूट टेकवून आणि नाक वर करून चालेल. इथूनच अडचणी सुरू होतात.

एक पाटा म्हणजे किती? साधं गणित

समजा मागे प्रत्येक बाजूला सारख्या जाडीचे ७ पाटे आहेत. ढोबळ हिशोबाने प्रत्येक पाटा एकूण भाराचा सातवा हिस्सा उचलतो. एक काढला की उरलेल्या सहांवर तोच भार येतो. म्हणजे प्रत्येक पाट्यावरचा ताण साधारण १७ टक्क्यांनी वाढतो.

आधी भरल्यावर पाटा ९० मिलिमीटर दबत असेल तर आता १०५ मिलिमीटर दबेल. रिकाम्या गाडीत फरक बोटभर वाटतो, पण भरल्यावर तो वाढतो.

ताण १७ टक्के वाढला म्हणून पाट्याचं आयुष्य १७ टक्केच कमी होतं असंही नाही. पोलाद रोज हजारो वेळा वाकतं आणि सरळ होतं, तेव्हा थोडा जास्त ताणही त्याचं आयुष्य बराच कमी करतो. 'पाटा तुटून वाहन उलटले' अशा बातम्या आपण वाचतो. असा पाटा अनेकदा त्या दिवशीच्या एका खड्ड्याने तुटलेला नसतो. बारीक तडा आधीच पडलेला असतो, खड्डा फक्त निमित्त ठरतो.

जाडीचाही एक मुद्दा आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० मिलिमीटरचा एक पाटा ८ मिलिमीटरच्या जवळपास दोन पाट्यांइतका कडक असतो. त्यामुळे किती पाटे काढले यापेक्षा कुठला काढला हे महत्त्वाचं ठरतं.

काही गाड्यांत संचाच्या तळाशी किंवा वरच्या बाजूला वेगळे हेल्पर पाटे असतात. ते भरल्यावरच कामाला लागतात. ते काढले तर रिकामी गाडी खालीही येत नाही आणि मऊही होत नाही. भरल्यावर मात्र ती नको तेवढी बसते. म्हणजे फायदा शून्य आणि तोटा पूर्ण.

सगळ्यात महत्त्वाचं : ब्रेकला कसं कळतं की गाडी भरलेली आहे?

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. रिकाम्या पिकअपमध्ये मागे मुळातच वजन कमी असतं, त्यात ते आणखी हलकं होतं. अशा वेळी मागच्या ब्रेकला पूर्ण जोर मिळाला तर मागची चाकं जागीच लॉक होतात.

पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी बहुधा सरळ घसरत जाते. मागची आधी लॉक झाली तर शेपूट बाजूला फिरते आणि गाडी रस्त्यावर आडवी होते. पहिल्या पावसात, किंवा गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलावर हे व्हायला फार वेग लागत नाही.

हे टाळण्यासाठी अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याचं नाव लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, गॅरेजच्या भाषेत एलएसपीव्ही. व्हॉल्व्ह चॅसीवर असतो आणि त्याचा दांडा किंवा स्प्रिंग मागच्या हाउसिंगला जोडलेली असते.

या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. चॅसी आणि हाउसिंग यांतलं अंतर कमी झालं की तो समजतो, गाडी भरली, मागच्या ब्रेकला जास्त जोर द्या. अंतर वाढलं की समजतो, गाडी रिकामी आहे, जोर कमी करा.

आता गाडी मागून ५० मिलिमीटर खाली घेतली आणि व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर? रिकामी गाडी त्याला भरलेली वाटते. मागच्या ब्रेकला जास्त जोर जातो आणि हलकी मागची चाकं लॉक होतात.

उलटही तितकंच धोक्याचं आहे आणि आपल्याकडे तेच जास्त होण्याची शक्यता आहे. पाटे वाढवून गाडी उंच केली आणि व्हॉल्व्ह सेट केला नाही, तर भरलेली गाडी त्याला रिकामी वाटते. माल पूर्ण असतो, पण मागचा ब्रेक अर्धवट लागतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात. भुलेश्वरच्या उतारावर किंवा वाशीला माल नेताना खंडाळ्याच्या घाटात हे कळलं तर फार उशीर झालेला असतो.

लिव्हर तारेने बांधून टाकणं किंवा व्हॉल्व्ह काढून लाइन थेट जोडणं हा उपाय नाही. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या दांड्याची लांबी किंवा ब्रेकचा दाब किती असावा ते दिलेलं असतं. पाट्यांना हात लावला की तो पुन्हा मोजून सेट करायचा.

काही नव्या गाड्यांत हे काम एबीएसचा इलेक्ट्रॉनिक भाग करतो, तिथे हा दांडा नसतो. आपल्या गाडीत काय आहे हे मागच्या हाउसिंगजवळ वाकून पाहिलं किंवा सर्व्हिस सेंटरला विचारलं तरी कळतं.

हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत कशी जाते?

हे गणित कुणालाही करता येईल. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ३ मीटर धरा. मागची बाजू ७५ मिलिमीटर, म्हणजे ३ इंच खाली आली. आता दर ३ मीटरला प्रकाशझोत ७५ मिलिमीटर वर उठतो. ४० मीटरवर तो तब्बल १ मीटर वर गेलेला असतो.

लाईट जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि डिपर दर मीटरला १ सेंटिमीटर खाली झुकलेला असेल, तर ४० मीटरवर प्रकाशाची कड ५० सेंटिमीटर उंचीवर पडायला हवी. मागची बाजू बसल्यावर ती १५० सेंटिमीटरवर जाते. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे साधारण याच पट्ट्यात असतात.

म्हणजे तुम्ही डिपर मारलेला असतो आणि समोरच्याला अप्पर दिसतो. न्हावरा-चौफुला रस्त्यावर किंवा आतल्या गावरस्त्यांवर दुभाजक नसतो. तिथे दोन सेकंद डोळे दिपले तरी समोरचा रस्त्याच्या कडेला उतरतो.

उपाय सोपा आहे. लाईट सेट करण्याचा स्क्रू असतो, काही गाड्यांत डॅशबोर्डवर चाकही असतं. उंची बदलली की त्याच दिवशी लाईट भिंतीसमोर सेट करून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा. मूळ उंचीच्या खाली घेतलेली गाडी रिकामी आणि भरलेली यांत जास्त वरखाली होते. एका स्थितीत सेट केलेला लाईट दुसऱ्या स्थितीत चुकतो.

आणखी कुठे कुठे परिणाम होतो?

बंप स्टॉप : हाउसिंग आणि चॅसी यांच्यामध्ये एक रबर असतं. पाटा पूर्ण दबला की हाउसिंग त्याला टेकतं. समजा मध्ये ९० मिलिमीटर जागा होती आणि गाडी ५० मिलिमीटर खाली घेतली, तर उरली ४०. खड्ड्यात हाउसिंग रबराला धडकतं आणि दणका थेट चॅसीला बसतो. मऊ चालीसाठी गाडी खाली घ्यायची आणि ती आधीपेक्षा जास्त आपटायची, असं होतं ते यामुळेच.

प्रोपेलर शाफ्ट : गिअरबॉक्सपासून मागे जाणारा शाफ्ट ठरावीक कोनात फिरतो. उंची बदलली की कोन बदलतो. वेग वाढल्यावर सीटखाली थरथर जाणवते आणि क्रॉस लवकर खराब होतात.

शॉकअप : मूळ लांबीचा शॉकअप खाली घेतलेल्या गाडीत आधीच अर्धा दाबलेला राहतो. पुढे दबायला जागा उरत नाही आणि तो आतून मार खातो.

ब्रेक पाइप आणि हँडब्रेकची केबल : खाली आल्यावर ती सैल होऊन चाकाला किंवा शाफ्टला घासू शकते.

स्टेपनी : बऱ्याच पिकअपमध्ये ती मागे हौद्याखाली लटकलेली असते. गावातल्या उंच गतिरोधकावर पहिली तीच टेकते.

गॅरेजमधल्या या चार गोष्टींना थेट नाही म्हणा

१. गॅसने पाटा तापवून सरळ करणं. पाट्याचं पोलाद कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून आणि पुन्हा तापवून लवचिक बनवलेलं असतं. गॅसची ज्योत लावली की ती जागा मऊ पडते. आज गाडी छान बसते, काही दिवसांनी पाटा तिथेच वाकतो किंवा तुटतो. वेल्डिंगचंही तेच.

२. हाउसिंग आणि पाट्याच्या जागेची अदलाबदल. बऱ्याच पिकअपमध्ये पाटे हाउसिंगच्या वर बसलेले असतात. ते खाली घेतले की गाडी एकदम काही इंच खाली येते. पण बंप स्टॉपची जागा, शाफ्टचा कोन आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह असं सगळंच एका झटक्यात बिघडतं. माल वाहणाऱ्या गाडीत हे करूच नये.

३. लोखंडी ठोकळे घालणं. पाटा हाउसिंगच्या वर असेल तर मध्ये ठोकळा घातल्याने गाडी खाली येत नाही, उलट वर जाते. पाटा खाली असेल तरच ठोकळ्याने गाडी खाली येते. हे माहीत नसताना सुरू केलेलं काम अर्ध्यावर अडकतं. घरगुती ठोकळा, एकावर एक ठेवलेले दोन ठोकळे किंवा लाकडी ठोकळा तर कधीच नको.

४. जुने यू-बोल्ट पुन्हा बसवणं. पाटे आणि हाउसिंग एकत्र धरून ठेवतात ते यू-बोल्ट. एकदा पूर्ण ताणून घट्ट केलेला बोल्ट काढल्यावर त्याचे आटे आणि ताण आधीसारखे राहत नाहीत. तो सैल झाला की सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर येतो. सेंटर बोल्ट तुटला की हाउसिंग मागे-पुढे सरकतं आणि गाडी तिरकी चालते. नवे यू-बोल्ट हा या कामातला सगळ्यात स्वस्त विमा समजा.

मग सुरक्षित पद्धत कोणती?

वाढीव पाटे काढून गाडी मूळ उंचीवर आणायची असेल तर क्रम असा ठेवा.

आधी मोजा. गाडी रिकामी, जमीन सपाट, टायरमध्ये हवा बरोबर. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. हाउसिंग आणि बंप स्टॉप यांतलं अंतरही मोजा. दोन्ही बाजूंत आधीच फरक असेल तर पाटा तुटलेला किंवा थकलेला असू शकतो. तसं असेल तर आधी तेच तपासा.

मूळ संच कोणता ते शोधा. तुमच्या मॉडेलला कंपनीकडून किती पाटे येतात आणि त्यांची जाडी किती, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबरवरून कळतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे विचारल्याशिवाय एकही पाटा काढू नका. जो पाटा वाढीव वाटतो तो मूळचा असू शकतो.

गाडी नीट उभी करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चॅसीखाली दोन मजबूत स्टँड आणि हाउसिंगखाली वेगळा जॅक ठेवा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, दोन मिनिटांसाठीही नाही.

पाट्यांचा संच जपून उघडा. सेंटर बोल्ट काढण्याआधी संच दोन सी-क्लॅम्पमध्ये आवळून घ्यावा आणि मग हळूहळू सैल करावा. दाबलेले पाटे एकदम सुटले तर हातापायाला गंभीर इजा होते.

दोन्ही बाजूंना सारखंच काम. डावीकडून एक काढला तर उजवीकडूनही तोच. एका बाजूला नवीन आणि दुसऱ्या बाजूला जुना अशी जोडी लावू नका.

जोडताना. नवे यू-बोल्ट आणि नट, गरज असेल तर नवा सेंटर बोल्ट, झिजलेले बुश बदललेले. यू-बोल्ट कोनाकोनात, थोडे थोडे करत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार टॉर्क पान्याने आवळा. पाइप घालून अंदाजे ओढणं म्हणजे एक बोल्ट कमी आणि दुसरा जास्त. शॅकलचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी केल्यावर घट्ट करा. हवेत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

त्याच दिवशी. एलएसपीव्ही सेट करणं, हेडलाइट सेट करणं, ब्रेक पाइप आणि हँडब्रेकची केबल पाहणं. ब्रेक टेस्टर असलेल्या वर्कशॉपमध्ये मागच्या दोन्ही चाकांचा ब्रेक तपासून घेतला तर उत्तम. तशी सोय नसेल तर मोकळ्या सपाट जागेत, ताशी २० किलोमीटरच्या आत, आधी रिकामी आणि मग थोडा माल ठेवून ब्रेक मारून पाहा.

काही दिवसांनी. पाटे बसतात तसे यू-बोल्ट थोडे सैल होतात. पहिल्या दोन-चार भरलेल्या फेऱ्यांनंतर ते पुन्हा तपासा. हे टाळलं तर आधीचं सगळं काम वाया जाऊ शकतं.

फक्त मऊ चाल हवी असेल तर?

मग कदाचित उंचीला हात लावायची गरजच नाही. आधी या गोष्टी पाहा.

टायरमधली हवा बघा. भरलेल्या गाडीसाठी मारलेली पूर्ण हवा घेऊनच रिकामी गाडी फिरवली तर ती दगडासारखी चालते. मॅन्युअलमध्ये किंवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिलेले असतील तर ते पाळा. मात्र माल भरण्याआधी हवा परत वाढवायला विसरू नका.

शॉकअप बघा. तेल गळलेला शॉकअप गाडी उडवतो आणि दोष मात्र पाट्यांवर जातो.

शॅकल आणि बुश बघा. शॅकल गंजून अडकला तर पाट्याला लांब व्हायला जागाच मिळत नाही आणि गाडी कडक वाटते. पाट्यांमध्ये माती आणि गंज साचला तरी तसंच होतं. साफसफाई आणि ग्रीसिंग यांचा खर्च पाटा काढण्याच्या मजुरीपेक्षा फार नसतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी आरसीवरची नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली : कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

वाढीव पाट्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे. पाटे वाढवले म्हणून गाडीची कायदेशीर क्षमता वाढत नाही. आरसीवरचं एकूण वजन तेच राहतं. ब्रेक, टायर, हाउसिंग आणि चॅसी त्याच वजनासाठी तपासलेली असतात. कोथरूडची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी या आपल्याच जिल्ह्यातल्या दोन संस्था अशा चाचण्या करतात. तिथे पास होते ती कंपनीच्या रचनेतली गाडी, वाढीव पाट्यांची नाही.

जादा मालासाठी कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. म्हणजे १ टन जादा सापडला तर २२ हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

मालवाहू गाडीला फिटनेसही लागतो. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. दौंडची एमएच-४२ गाडी बारामतीला जावो किंवा शिरूरची आपल्या आरटीओत, ब्रेक आणि हेडलाइट तपासले जातातच. अपघात झाला आणि गाडीत नोंद नसलेला बदल सापडला, तर विम्याच्या दाव्यातही प्रश्न उभे राहू शकतात.

या नजरेने पाहिलं तर वाढीव पाटे काढून मूळ संच बसवणं म्हणजे गाडी पुन्हा नियमात आणणं. मूळ संचातला पाटा काढणं मात्र तुम्हाला नियमाच्या दुसऱ्या टोकाला नेतं.

गॅरेजला जाण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

पहिला, माझ्या मॉडेलला कंपनीचे पाटे किती आणि तुम्ही नेमका कुठला काढणार? दुसरा, यू-बोल्ट नवे टाकणार आणि टॉर्क पान्याने आवळणार का? तिसरा, काम झाल्यावर एलएसपीव्ही आणि हेडलाइट कोण सेट करणार?

तिसऱ्या प्रश्नावर समोरच्याने तो व्हॉल्व्ह कुठे असतो हे गाडीखाली दाखवलं, तर काम द्यायला हरकत नाही. त्याची काही गरज नसते असं उत्तर आलं, तर पाटे तसेच राहू द्या आणि गाडी दुसरीकडे न्या. आपटणारी पिकअप कंबरेला त्रास देते, पण ती वेळेवर थांबली पाहिजे आणि थांबताना सरळ राहिली पाहिजे.